तुलनेची गल्ली

"तूच काढ गं चिठ्ठी. तुझ्या हातावर कोणी संशय घेणार नाही," वस्तीतली काकू म्हणाली, तशा सगळ्यांनीच माना डोलावल्या आणि थोरलीला पुढे व्हावं लागलं.

वस्तीतल्या पाण्याच्या टाकीपाशी माणसं जमली होती. स्टुलावर एक स्टीलचा डबा आणि त्यात घडी घातलेल्या दोनच चिठ्ठ्या. एकीवर लिहिलं होतं 'वरची गल्ली', दुसरीवर 'खालची गल्ली'. विद्यापीठातल्या प्राध्यापक बाई डोक्यावर फाईल धरून उन्हात उभ्या होत्या. पालिकेचे मोठे साहेब खुर्ची टाकून झाडाखाली बसले होते. बाईंनी पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. जी चिठ्ठी निघेल त्या गल्लीतल्या सगळ्या पत्र्यांना ऊन परतवणारा पांढरा रंग लागेल. दुसऱ्या गल्लीला सध्या काही लागणार नाही, ती तुलनेसाठी. घरं मात्र दोन्हीकडची मोजायची, माणसं दोन्हीकडची तपासायची. दोन उन्हाळे असं करायचं आणि मग बघायचं, फरक पडला का. पडला असेल तर शहरातल्या प्रत्येक पत्र्याच्या घराला पालिका रंग देईल. तसा विद्यापीठाचा आणि पालिकेचा करारच झाला होता.

"आणि नाही पडला फरक, तर?" मागून एकानं विचारलं.

"तर रंगावर पैसा घालवायचा नाही, हे तरी कळेल," बाई म्हणाल्या.

"म्हणजे भाजायचं आम्ही आणि शिकायचं तुम्ही!" तो म्हणाला आणि लोक खो खो हसले. बाईही हसल्या. झाडाखालच्या साहेबांना ऐकू आलं नसावं, पण सगळे हसताहेत म्हणून तेही हसले.

थोरलीनं डोळे मिटून डब्यात हात घातला. वरची गल्ली निघाली. वरच्या गल्लीनं टाळ्या पिटल्या. खालच्या गल्लीत थोरलीचा बाप राहत होता.

ती पालिकेच्या दवाखान्यात आरोग्यसेविका होती. तीन भावंडांत मोठी म्हणून बाप तिला थोरली म्हणे. त्याचं ऐकून शेजारी म्हणू लागले, आणि पुढे दवाखान्यातले डॉक्टरही. धाकटी दोघं परगावी जाऊन तिकडचीच झाली. थोरली लग्न होऊन पुलापलीकडे गेली, पण नोकरीचं गाव माहेरच राहिलं. ह्याच दोन गल्ल्यांत ती बाळंतिणींची चौकशी करी, म्हाताऱ्यांचं बीपी बघे, लस चुकवणाऱ्यांना घरातून ओढून काढी.

दर उन्हाळ्यात तिला एक गोष्ट दिसायची. म्हातारी माणसं पिकल्या पानासारखी गळायची. कुणाला चक्कर, कुणाला झटका, कुणी दुपारी निजलं ते उठलंच नाही. ती डॉक्टरांना म्हणे, "साहेब, हे पत्र्यानं होतंय." डॉक्टर म्हणत, "असेलही. पण पुरावा काय?" पुरावा थोरलीकडे नव्हता. त्यामुळे विद्यापीठाच्या बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्या आणि "आम्हाला पुरावाच गोळा करायचाय" म्हणाल्या, तेव्हा तिला कोणीतरी माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आजवर वस्तीत आलेल्या योजना आरंभशूर होत्या. फीत कापायची, फोटो काढायचा, की पुन्हा तोंड दाखवायचं नाही. ह्या बाई आधी मोजू म्हणत होत्या, मग करू. थोरलीनं स्वतःहून नाव दिलं.

चिठ्ठी निघाल्यावर चार दिवसांनी ती बापाच्या घरी तापमान मोजायची डबी लावायला गेली. बाप शिंपी होता. एकाच खोलीचे पडदा टाकून दोन भाग केलेले. पुढे शिलाई मशीन आणि कापडं बेतायचं टेबल, मागे चूल आणि खाट. बायको गेल्यापासून तो एकटाच होता आणि एकटेपणाचा त्यानं फारसा बाऊ केला नव्हता. गिऱ्हाईक यायचं, गप्पा व्हायच्या, दिवस जायचा.

"काय गं थोरले, हा पाहुणा खातो-पितो काय?" तुळईला बांधलेल्या डबीकडे बघत त्यानं विचारलं.

"काही नाही बाबा. नुसतं ऊन मोजतो."

"मग जावयापेक्षा स्वस्त पडला म्हणायचा."

"बाबा!"

"अगं, गंमत. सांगू नकोस त्याला." मग सुईत दोरा ओवता ओवता तो म्हणाला, "मला तुलनेत टाकलंत ना तुम्ही? टाका. आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली. आता कुणी माझं घेतंय."

पहिल्या उन्हाळ्यात फरक डोळ्यांना दिसायला लागला. वरच्या गल्लीत दुपारी माणसं घरात बसू लागली. खालच्या गल्लीतल्या बायका निवडणं-टिपणं घेऊन वर जाऊन बसू लागल्या, आणि मग व्हायचं तेच झालं. "तुमच्या गल्लीत जागा नाही का?" वरून सुरुवात झाली. "चिठ्ठी निघाली म्हणून एवढा तोरा? रंग काय तुमच्या सासऱ्यानं दिला?" खालून उत्तर गेलं. नळावरची भांडणं टाकीपर्यंत पोचली. थोरली मध्ये पडली, तर दोन्हीकडच्यांनी तिलाच झोडपलं. घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मध्यस्थाचा मृदंग दोन्हीकडून वाजतो." नवरा बसवर वाहक होता, त्याला असल्या गोष्टींचा सराव होता.

बाईंना वेगळीच काळजी लागली होती. खालची माणसं दुपारी वर येऊन बसायला लागली, तर तुलना कशी व्हायची? "त्यांना येऊ नका असं मी कुठल्या तोंडानं सांगू?" असं त्या थोरलीला म्हणाल्या, आणि त्यांनी तसं सांगितलंही नाही. नुसत्या कोण किती वेळ वर बसतं, तेही लिहून घ्यायला लागल्या. बाई भल्या होत्या. त्यात थोरलीला कधीच शंका वाटली नाही, पुढे सगळं झाल्यावरही नाही.

दुसरा उन्हाळा लवकर सुरू झाला आणि मागच्यापेक्षा कडक. बापाचं वय त्या वर्षात एकदम अंगावर आलं. पायांवर सूज दिसायची. बीपी एकदा पाताळात, एकदा आभाळात. कापड बेतताना तो मध्येच थांबून टेबलाला हात धरायचा. थोरली आठवड्यातून दोनदा कामासाठी यायची, ती आता रोज यायला लागली. एक दिवस तिनं दवाखान्यातून अर्धी रजा घेतली आणि विद्यापीठात गेली.

बाईंची खोली गार होती. बाहेरून आल्यावर थोरलीच्या घामेजल्या अंगावर तिथे लगेच काटा आला. बाईंनी स्वतः उठून तिला पाणी दिलं.

"मॅडम, एक विचारायचं होतं. माझ्या बाबांच्या पत्र्याला रंग लावला तर?"

बाईंनी समोरची फाईल मिटली.

"लावा," शेवटी त्या म्हणाल्या. "मी अडवणार नाही. मला तो हक्कच नाही. त्यांचं घर आपण अभ्यासातून वगळू."

"पण?" थोरलीनं विचारलं. त्यांच्या आवाजात पण होताच.

"पण खालच्या गल्लीतली घरं आधीच कमी झालीत. काही लोक सोडून गेले, काहींनी छपरावर गोणपाटं टाकली. आणखी कमी झाली, तर पालिकेतली माणसं म्हणतील, एवढ्याशा घरांवरून काय सिद्ध होतं? त्यांना नाही म्हणायला एक फट पुरते. साहेबांनी मला शब्द दिलाय, पण साहेब एकटे नाहीत." मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मी तुम्हाला सांगायला नको होतं. तुम्ही मुलगी म्हणून आलात."

"बरं झालं सांगितलंत," थोरली म्हणाली. येताना बसमध्ये तिनं ठरवलं, रंग लावायचाच. पुरावा गेला खड्ड्यात.

पण बाप ऐकेना.

"एकट्या माझ्या छपराला रंग? आणि गल्लीत तोंड कुठे दाखवू? म्हणतील, पोरगी पालिकेत, म्हणून बापाला सावली."

"म्हणू देत. तुमच्या पायांकडे बघा."

"पाय माझे आहेत, मी रोज बघतो." त्यानं मशीन थांबवलं. "हे बघ थोरले. माप घेताना काही गिऱ्हाइकं पोट आत ओढतात. मी सांगतो, ढिलं सोडा. ऐकत नाहीत. मग सदरा घट्ट झाला की माझ्या नावानं बोंब. तुझ्या त्या बाई म्हणाल्या ना, खालची गल्ली जशी आहे तशी हवी? मग जशी आहे तशी घेऊ देत. उगीच आता पोट आत ओढून नंतर सगळ्या गावाला सदरा घट्ट व्हायला नको."

"मग माझ्याकडे चला. पावसापर्यंत."

तो आला, तीन दिवस राहिला आणि चौथ्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभा. "तुमच्याकडे जेवण आयतं, झोप आयती. चार दिवसांत मरणही आयतं येईल. तिकडे शाळेचे गणवेश पडलेत." नवरा हसत होता. थोरलीला राग आला होता, म्हणून पुलापर्यंत पोचवायलाही ती गेली नाही. नवराच गेला.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. थोरली वरच्या गल्लीत एका बाईच्या दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघत होती. बापाच्या शेजारची काकू पळत आली. अनवाणी होती. तापलेल्या फरशीवर तिचे पाय ठरत नव्हते.

"शिंपीकाका बोलत नाहीयेत गं."

मशीनवर कापड होतं, त्या कापडावर डोकं टेकलेलं. थोरलीनं मानेला हात लावला आणि हात झटकन मागे घ्यावासा वाटला, इतकं अंग तापलेलं होतं. घामाचा टिपूस नव्हता. शेजाऱ्यांनी पाणी ओतलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, टेम्पोत घातलं. सगळं तिनंच लोकांना शिकवलं होतं आणि सगळं लोकांनी नीट केलं. मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत संपलं होतं.

दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडून मृत्यू. कोवळा, दमलेला डॉक्टर होता.

"अंग भाजत होतं हो त्यांचं," थोरली म्हणाली. "उष्माघात लिहा."

"ताई, इथे आणलं तेव्हा अंग ओलं आणि गार होतं. मी नसताना काय झालं ते मी कसं लिहू? शेवटी हृदयच बंद पडतं ना सगळ्यांचं."

त्याचं चूक नव्हतं. अंग तिनं आणि शेजाऱ्यांनीच ओलं केलं होतं.

बाई दहाव्या दिवशी घरी आल्या. चपला काढून जमिनीवर बसल्या, थोरलीनं दिलेला चहा तसाच निवू दिला. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी त्यांचा मृत्यू नोंदवून घेईन. भांडेन." त्या भांडल्याही. पण अभ्यास तपासणाऱ्या समितीचा नियम होता: दाखल्यावर जे कारण, तेच धरायचं. उन्हानं झालेल्या मृत्यूंत बापाचा समावेश झाला नाही. घर रिकामं झालं म्हणून त्याचं नाव 'अभ्यासातून गळालेले' ह्या रकान्यात गेलं. गंमत अशी, की त्या दुपारी तुळईवरच्या डबीनं खोलीचं तापमान टिपलं होतं, ते मात्र हिशेबात घेतलं गेलं. खोली मोजली गेली. माणूस गळाला.

निकाल सांगायची सभा पालिकेच्या मोठ्या दालनात झाली. थोरलीलाही बोलावलं होतं. ती मागच्या खुर्चीत बसली. पडद्यावर दोन रेषा उमटल्या, एक वर जाणारी आणि एक खालीच राहिलेली. बाईंनी एकेक गोष्ट उलगडून सांगितली. रंगवलेल्या घरांत आजारपण कमी, झोप जास्त, दवाखान्याच्या खेपा कमी. शंकेला कुठे जागाच नव्हती. टाळ्या झाल्या. थोरलीनंही वाजवल्या. त्या क्षणी तिला खरंच वाटलं, की झालं. जे गेलं ते गेलं, पण झालं.

मग साहेब उठले. हे नवे साहेब. शब्द देणाऱ्या साहेबांची मधल्या काळात बदली झाली होती.

"उत्तम काम," ते म्हणाले. "निष्कर्षाबद्दल दुमत नाही. अडचण एवढीच आहे, की ही घरं पालिकेच्या दप्तरी अधिकृत नाहीत. उद्या पालिकेनं त्यांना रंग दिला, की परवा तिथले लोक न्यायालयात सांगतील, पालिकेनं आम्हाला मान्यता दिली. तेव्हा हा पुराव्याचा प्रश्नच नाही, बाई. धोरणाचा आहे."

"पण धोरण ठरवायलाच तर पुरावा मागितला होता तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मी नाही मागितला. माझ्या आधीच्यांनी मागितला. आणि तो वाया जाणार नाही. ह्याच वर्षी आपण आपल्या मुख्यालयाच्या गच्चीला हा रंग देतोय. मग भांडारगृह, मग अतिथिगृह. विद्यापीठाच्या सल्ल्यावरून. तसा फलकही लावू."

पुन्हा टाळ्या झाल्या. करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवल्याचं जाहीर झालं. फोटोसाठी सगळ्यांना पुढे बोलावलं तेव्हा थोरलीच्या हातातही एक पुष्पगुच्छ आला. बाई तिच्या शेजारी उभ्या होत्या. फोटो काढणारा म्हणाला, "मॅडम, जरा हसा," तर त्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय ठरलं?"

"पालिकेच्या इमारतीला रंग लावायचं ठरलं."

तो हसायला लागला. मग तिच्याकडे बघून थांबला, आणि तिच्या हातातला गुच्छ घेऊन कुठे ठेवावा ते न कळून तसाच उभा राहिला.

खालच्या गल्लीत लोक काही महिने विचारत राहिले. "थोरले, आमचा रंग कधी?" ती सांगे, प्रयत्न चालू आहेत. बाई खरंच खेटे घालत होत्या. कधी ह्या खात्यात, कधी त्या. मग हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. कुणी रागावलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. काकू तर पूर्वीसारखाच चहा देई आणि भलत्याच विषयावर बोले. विचारत होते तोवर बरं होतं, असं थोरलीला वाटायचं. बापाची खोली एका भंगारवाल्यानं गोदामासाठी घेतली. मशीन तिनं गल्लीतल्याच एका बाईला दिलं.

आणि मग निकालानंतर तिसऱ्या वर्षी बाई पुन्हा दवाखान्यात आल्या. केस बरेच पिकले होते.

"पालिकेनं कळवलंय, फरक टिकतो का ते बघा. वरच्या गल्लीत पुन्हा मोजायचंय."

थोरलीनं खिडकीतून बोट दाखवलं. दवाखान्यातून वरच्या गल्लीची छपरं दिसायची. धुळीनं आणि पावसानं रंगाचे पोपडे निघाले होते. काही पत्रे पार गंजलेले, कुठे कुठे पांढरे चट्टे उरलेले, कोड फुटल्यासारखे. दुसरा हात द्यायची तरतूद कोणीच केली नव्हती. दोन्ही गल्ल्या आता सारख्याच दिसत होत्या.

"दिसतंय की, मॅडम."

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण मोजावं लागेल."

दोघींनाही एकदम हसू आलं, आणि ते आल्याचं दोघींनाही वाईट वाटलं.

"फरक नाही असा आकडा आला, की ते म्हणणार, बघा, टिकत नाही," थोरली म्हणाली.

"हो. तसंच म्हणतील."

"मग मोजायचं कशाला?"

बाईंनी खांदे पाडले. "आपण नाही मोजलं, तर ते मोजल्याशिवायच म्हणतील. तुम्ही नाही म्हटलंत तरी मला राग नाही. खरंच नाही."

थोरलीनं थोडा विचार केला. ती नाही गेली तर दुसरी कोणी जाईल. दार वाजवील, डबी बांधील, निघून जाईल. माणसांना धड हाकही मारणार नाही. तिनं पिशवी खांद्याला लावली.

वरच्या गल्लीत शेवटून दुसऱ्या घरात नवीन बिऱ्हाड होतं. नवरा कारखान्यावर रात्रपाळीचा पहारेकरी. बायकोनं दार अर्धवट उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू हं, ताई. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

आत पत्र्याखाली भट्टी होती. पहारेकरी उघड्या अंगानं जमिनीवर पडला होता, छातीवर एक पंचा. पन्नाशी उलटलेला माणूस; बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. थोरली स्टुलावर चढली. खिळा ठोकला तर तो जागा होईल, म्हणून तिनं डबी दोऱ्यानं तुळईला बांधली, दोनदा गाठ मारली आणि आवाज न करता खाली उतरली.

"ह्यानं काय होतं?" बायकोनं कुजबुजत विचारलं.

ह्याचं उत्तर थोरलीनं पूर्वी शेकडो दारांत दिलं होतं. लांबलचक, समजावून, हातवारे करून.

"त्यांना उठल्यावर पाणी जास्त द्या," ती म्हणाली. "मीठ-साखर घालून. आणि डोकं दुखतंय म्हणाले तर लगेच माझ्याकडे पाठवा. दुपार असली तरी."

बायकोनं मान हलवली. नवऱ्याच्या छातीवरचा पंचा एव्हाना सुकून कडक झाला होता. तिनं तो अलगद उचलला, बादलीत बुडवला, पिळला आणि पुन्हा पसरला. झोपेतच त्यानं एक मोठा श्वास घेतला. दारातून उन्हाची एक पट्टी त्याच्या तोंडापर्यंत आली होती. थोरली बाहेर आली आणि ती पट्टी नाहीशी होईपर्यंत तिनं दार हळूहळू ओढून घेतलं.